गुंडूमामांनी दिलेला ढाळ

आधी माफी मागतो. माणसांवर लिहिणं हे लेखकांचं काम आणि मी काही लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आई-वडील जेऊरच्या बाजूला केळीच्या बागांत मजुरीला जातात आणि लिहिलेल्या कागदाला आमच्याकडे अजून जरा भिऊनच हात लावतात. तेव्हा एखाद्या माणसाला कागदावर उतरवायचा हक्क मला कोणी दिला, हे मलाच कळत नाही. ज्यांच्यावर लिहितो आहे त्या गुंडूमामांना वाचता येत नव्हतं. येत असतं तर त्यांनी इथेच मला टोकलं असतं, "लई झालं गुऱ्हाळ. फांदी कापायची तर काप की!" पण त्यांच्यावर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मामांची आणि माझी पहिली भेट शिवीनेच झाली. सोलापुरात होटगीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक बंगल्यांची कॉलनी आहे. तिच्या खाली, उतार संपतो तिथे, ओढ्याच्या काठाने गुंठेवारीचे काही प्लॉट आहेत. तिथे भाड्याने खोली मिळेल असं कोणीतरी सांगितल्यामुळे मी ट्रंक घेऊन आलो होतो. एका प्लॉटला तीन बाजूंनी कमरेएवढा मातीचा बांध घातलेला दिसला. वळसा नको म्हणून मी बांधावर पाय ठेवला, आणि आतून आवाज आला, "ए हलकटा! उतर खाली! बांध हाय त्यो, फुटपाथ न्हाय!"

उघड्या अंगाचा, काटक, मिशा पांढऱ्या झालेला माणूस हातात खुरपं घेऊन धावत आला. मी घाबरून म्हणालो, "खोली बघायला आलोय. कॉलेजला आहे मी."

"कालेजला?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय शिकतुयस?"

"बी.ए. मराठी."

"मराठी? ती तर येती की तुला! मग शिकतुयस काय?"

खोली मात्र मिळाली. प्लॉटच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोली, एका माणसाला पुरेल एवढी. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून मी "कालेज" झालो.

मामांचा धंदा बंगल्यांच्या बागा राखण्याचा होता, पण ते त्याला बागकाम म्हणत नसत. सकाळी सायकलच्या मागे मोठी कात्री आणि गवत कापायचं यंत्र बांधताना म्हणायचे, "आज दोन बंगल्यांची हजामत, अन् एकाची नुसती मिशी." मिशी म्हणजे फाटकावरची मेंदी. मालकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. जास्वंदवाले साहेब, अशोकावाले डॉक्टर, कुंडीवाल्या बाई, अशी त्यांची वस्ती होती. एकदा अशोकावाल्यांच्या घरून लग्नाची पत्रिका आली. मी नाव वाचून दाखवलं तेव्हा मामा विचारात पडले, "ह्यो कोन बाबा? आपल्याला कसा काय बोलिवतोय?"

हिरवळीवर त्यांचा राग होता, जरी पोट तिच्यावरच होतं. म्हणायचे, "लॉन म्हंजे जावई. पानी द्या, खत द्या, वर मान द्या, अन् काम इचारशील तर एक न्हाय." मग त्याच जावयासमोर उकिडवे बसून एकेक हरळीची काडी उपटत राहायचे. झाडांना शिव्या देण्याची सवय होती. फुलं न देणाऱ्या जाईला म्हणायचे, "पुढच्या टायमाला बघतो तुज्याकडं," आणि गंमत नव्हे, त्यांचा चेहराही तसाच असायचा.

मात्र हे सगळं बाहेरचं. खरी बाग त्यांच्या घरी होती आणि ती एकाच माणसासाठी होती. मामांच्या बायको, मल्लव्वा, यांच्या अंगावरून काही वर्षांपूर्वी वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मी त्यांना अव्वा म्हणायचो. मामांनी त्यांची खाट दाराच्या अगदी तोंडाशी लावली होती आणि त्या दारातून जेवढं दिसेल तेवढ्या जागेत मोगरा, अबोली, तगर, गलांडा, शेवंती आणि मध्ये एक लिंबोणी लावली होती. खाटेवरून जे दिसणार नाही ते मामांनी लावलंच नाही. घराच्या मागे मोकळी जमीन नुसती पडून होती.

अव्वा माहेरच्या अक्कलकोटच्या पलीकडच्या. अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि आजारामुळे त्यातलंही अर्धं ओठांत राहायचं. पण डावा हात खणखणीत होता. तो हात वर करून त्या बागेवर राज्य करायच्या. "त्ये... त्ये तगर. लई माजलंय." मामा निमूटपणे कात्री घेऊन तगरीकडे जायचे. जास्त कापलं की, "साकु, साकु री!" म्हणजे पुरे. माझ्याकडे बघून मामा म्हणायचे, "साऱ्या कॉलनीत मी मालकाला शिकिवतो, अन् हितं माजी मालकीन खाटंवरनं मला शिकिवती."

त्यांची मुलगी सुवर्णा टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची. जावई रिक्षा चालवायचे. त्यांची खोली शहरात, वरच्या मजल्यावर होती. सुवर्णाताई दर पावसाळ्याच्या आधी येऊन म्हणायच्या, "बाबा, आईला घेऊन वर चला. हितं वढा हाय, साप हायेत."

मामा म्हणायचे, "न्यायला काय? नेतो की. पन तितं खाटंवरनं तिला काय दिसंल?"

"भिंत दिसंल. भिंत बगून मानूस मरत न्हाय."

"तू मरनार न्हाईस, तुला पाय हायेत," मामा म्हणाले होते. अव्वांना त्या अंगणासमोरून हलवायचं नाही, एवढी एकच गोष्ट मामांनी धरून ठेवली होती. बाकी सगळ्यावर ते हसायचे, चिडायचे, तडजोड करायचे. यावर नाही.

आम्ही इकडची माणसं पाणी धरणारी. नळ काही दिवसांनी येतो, आला की घरातलं भांडंन् भांडं भरायचं, पिंपं भरायची, अंघोळीचं पाणी झाडाच्या आळ्यात सोडायचं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. मामांचीही सगळी कला धरून ठेवण्याची होती. आळं कसं करावं, पालापाचोळा कुठे पसरावा, ओल किती दिवस टिकते. पण गेल्या काही वर्षांत पावसाने आमच्याकडे रीतच सोडली. महिनाभर गायब राहायचा आणि मग असा कोसळायचा की थांबायचं नाव नाही. हवा ओल्या गोणपाटासारखी अंगाला चिकटायची. बंगल्यांतली हिरवळ मुळापासून कुजायला लागली. कुंड्यांना बुरशी, भिंतींवर शेवाळ, गोगलगायी दाराच्या चौकटीवर. मालक मामांना बोलावून दाखवायचे आणि मामा डोकं खाजवायचे. "पानी न्हाय म्हून मेलेलं झाड लई बगितलं. पान्यानं मेलेलं आत्ताच बगतोय," असं ते एका संध्याकाळी म्हणाले, आणि त्यात थोडी लाज होती.

मग त्यांनी ढाळ शोधला. म्हणजे ढाळ काही नवा नव्हे, उतारालाच आमच्याकडे ढाळ म्हणतात. पण मामांनी तो एकेका बंगल्यात घालायला सुरुवात केली. मुरूम आणवून अंगण उंच करायचं, वर माती, आणि कंपाउंडपासून फाटकापर्यंत असा हलका ढाळ द्यायचा की पाणी क्षणभरही न थांबता रस्त्यावर जावं. जास्वंदवाल्यांची हिरवळ वाचली. मग अशोकावाल्यांची. मग सगळ्या कॉलनीने मामांना बोलावलं. त्या वर्षी मामा जितके खूश होते तितके खूश मी त्यांना कधी पाहिलं नाही. एका रविवारी मला मुद्दाम घेऊन गेले. नव्या अंगणाच्या वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतलं. पाणी हिरवळीखालून सरसरत फाटकाबाहेर पडलं.

"बगितलास? ढाळ दिला की पानी आपल्या पायानं जातंय. हाकलावं लागत न्हाय."

मी सहज विचारलं, "कुठं जातं मामा?"

"रोडला!"

"आणि रोडवरून?"

"रोडच्या फुडं सरकार बगंल," मामा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसले. मीही हसलो. रस्ता खाली कुठे उतरतो ते आम्हा दोघांना माहीत होतं. रोज त्याच रस्त्याने घरी यायचो. पण पाणीही त्याच रस्त्याने घरी येईल, हे दोघांच्याही मनात आलं नाही. आमची भीती ओढ्याची होती. पाणी ओढ्याकडूनच येणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

ओढ्यासाठीच तो बांध होता. मी येण्याच्या आदल्या वर्षी ओढा अंगणात शिरून मोगऱ्याच्या मुळाशी गेला, तेव्हा मामांनी तो घातला. दर वर्षी थोडा उंच करायचे. त्यावर वाळ्याचं गवत लावलं होतं, माती धरून ठेवावी म्हणून. बांधावर कोणी पाय ठेवला की त्यांचं डोकं का फिरायचं, ते मला पुढे येळवशीला कळलं. त्या अमावस्येला अक्कलकोटकडचे शेतकरी शेतात जाऊन पूजा करतात, पालेभाज्यांची भज्जी आणि अंबील घेऊन. मामांना शेत राहिलं नव्हतं, तर ते बांधाचीच पूजा करायचे. पाच दगड मांडले, चुना लावला, बांधाच्या कडेने अंबील शिंपडली, आणि जेवायला बसल्यावर मला सांगितलं.

गावाकडे त्यांची काळी जमीन होती. एका वर्षी पिकाला पाणी कमी पडलं तेव्हा थोरल्या भावाने दोघांमधला बांध रात्रीतून फोडला. मारामारी झाली, कोर्ट झालं. मरताना वडिलांनी मामांच्या मुठीत माती देऊन वदवून घेतलं, बांध फोडणार नाही. "आमच्यात म्हनत्यात, बांध फोडनाऱ्याच्या घरात दिवा ऱ्हात न्हाय. भावाच्या घरात न्हाय ऱ्हायला. मी बगितलंय." म्हणून ते गाव सोडून सोलापूरला आले होते. अव्वा खाटेवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "दिवा... लाईट बिल भरलं की ऱ्हातो." मामा हसले नाहीत. बाकी वेळी अव्वांच्या अशा बोलण्यावर ते हसून लोळायचे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कॉलनीत ब्लॉक आले. सिमेंटचे, लाल-करडे. कुंडीवाल्या बाईंनी सुरुवात केली. चिखल नको, डास नको, साप नको. त्यांचंही काही चूक नव्हतं. त्यांच्या सासूबाई शेवाळावरून पडून कंबर मोडून बसल्या होत्या. मग एकेक करून अंगणं झाकली गेली. मामांची घरं कमी होत गेली. संध्याकाळी सायकल लवकर परत यायची. कात्रीला तेल देत बसायचे. मी विचारलं, आज कोणाची हजामत? तर म्हणाले, "टक्कल पडलंय रं सगळ्यांना." एवढं मात्र खरं, ब्लॉक टाकणाऱ्यांनी मामांचा ढाळ तसाच ठेवला. एक ठेकेदार त्यांना म्हणाला होता, "मामा, लेव्हल एकदम फर्स्टक्लास केलीय तुमी. आमाला काय करावंच लागलं न्हाय." मामांनी हे मला दोनदा सांगितलं. अभिमानाने सांगितलं.

तो दिवस यायचा तो आला. आठवडाभर पाऊस चालूच होता, पण त्या दुपारी जे कोसळलं ते वेगळंच होतं. कॉलेजला सुट्टी दिली होती. मामा बांधावर वाकून ओढा बघत होते. ओढ्याला पाणी होतं, पण बांधाच्या बरंच खाली. "भ्या न्हाय," मामा ओरडून म्हणाले, "अजून लई जागा हाय."

आणि माझ्या पायांना गार लागलं. मी मागे पाहिलं. पाणी फाटकातून येत होतं. वरच्या रस्त्यावरून, गढूळही नाही, चांगलं स्वच्छ पाणी, साऱ्या कॉलनीचं मिळून एका ओढीने खाली येत होतं आणि आमच्या फाटकातून आत वळत होतं. मामा धावले. आम्ही फाटकाला पोती लावली, फळ्या लावल्या, माझी ट्रंकही लावली. पाणी सगळ्याच्या वरून आलं. आणि आत आलेलं पाणी बाहेर जाईना. तीन बाजूंना बांध होता. बांध आपलं काम चोख करत होता.

मामा अंगणात मध्यावर उभे राहिले. पाणी गुडघ्याशी. ते रस्त्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "ह्यो माजाच ढाळ हाय, कालेज."

मी म्हणालो, "मामा, बांध फोडूया. बाहेर पाणी खाली आहे. लगेच उतरेल."

"बांध फोडायचा नसतो."

"अव्वांच्या खाटेला लागलंय पाणी!"

"बांध फोडायचा नसतो म्हनलं ना!" आणि त्यांनी घमेलं उचललं आणि अंगणातलं पाणी भरून बांधापलीकडे फेकायला सुरुवात केली. घमेल्याने. एक घमेलं बाहेर जाईपर्यंत फाटकातून किती आत येत होतं ते समोर दिसत होतं. तरी ते फेकत होते. मीही बादली घेतली. दुसरं काय करणार? किती वेळ आम्ही ते करत होतो, सांगता येत नाही. मामांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मोगऱ्याचे शेंडे पाण्याखाली गेले, मग अबोली दिसेनाशी झाली. खाटेखाली आम्ही विटा लावल्या होत्या. पाणी विटांच्या वर चढलं आणि अव्वांची गोधडी एका कोपऱ्याने ओली व्हायला लागली.

तेव्हा आतून आवाज आला. अव्वांना ओरडता येत नसे. त्यांनी डाव्या हाताने खाटेच्या कडेवर थाप मारली. मामा थांबले.

"साकु," अव्वा म्हणाल्या. "साकु री. फोडा त्यो."

"मल्ली, तू गप पड. उतरंल आत्ता."

"फोडा. मी सांगते म्हून फोडा. पाप... माज्यावर."

मामा तिथेच उभे. हातातलं घमेलं पाण्यात पडलं आणि तरंगत राहिलं.

"आगं, बाग जाईल. माती सगळी जाईल. फुडं तुला काय दिसनार?"

"तुमी," अव्वा म्हणाल्या.

मामांनी मग पत्र्याला टेकवलेली कुदळ घेतली. बांधाच्या खालच्या कोपऱ्यात गेले. कुदळ उचलली, आणि खाली आणेना. मी पुढे झालो तर मला ढकललं. "तू न्हाय. तुज्या घरातला तू एकलाच शिकलायस. तू हात लावू नगं." मग डोळे मिटून पहिला घाव घातला. चार-सहा घावांनंतर पुढचं काम पाण्यानेच केलं. बांध एकदम बसला आणि अंगण हललं. पाण्याबरोबर माती निघाली. वर्षानुवर्षं मामांनी पालापाचोळा कुजवून केलेली काळीभोर माती, तिच्यात मोगरा मुळासकट, शेवंतीचे वाफे, सगळं त्या खिंडारातून ओढ्यात गेलं. लिंबोणी तेवढी आडवी होऊन अडकली. खाट वाचली. दारातून अव्वा सगळं बघत होत्या. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

संध्याकाळी ओढा चढला आणि त्याच खिंडारातून आत आला. सुवर्णाताईंचे यजमान पाण्यातून रिक्षा रेटत वरच्या रस्त्यापर्यंत आले. अव्वांना आम्ही खाटेसकट उचलून नेलं. मामा मागून चालत होते. रस्त्यावर वळून त्यांनी मला खिंडार दाखवलं. ओढ्याचं गढूळ पाणी घराच्या उंबऱ्यावरून आत जात होतं. "बगितलास?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर मामा आणि अव्वा लेकीच्या खोलीत राहिले. मी कॉलेजच्या एका मित्राच्या खोलीत सरकलो. भेटायला गेलो तर अव्वा भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. शेजारच्या बायका तेलुगूत काहीतरी बोलत यायच्या, विचारपूस करायच्या, जायच्या. सुवर्णाताई भाताचे घास करून भरवायच्या, त्यातला एखादा पोटात जायचा. मामा तिथे कधीच नसायचे. "प्लॉटवर," सुवर्णाताई म्हणायच्या. "चिखल काढत्यात. किती सांगायचं? तुमी तरी सांगा."

मी सांगायला गेलो. प्लॉटवर चिखल सुकून भेगा पडल्या होत्या, पण खाली अजून लगदा होता. पत्र्याची खोली आडवी झाली होती. मामा दारासमोर मुरूम टाकून एक ओटा करत होते. खाटेएवढ्या रुंदीचा, पण चांगला उंच. अनवाणी होते. पायाला चिंधी बांधली होती.

"काय करताय मामा?"

"बांध न्हाय," ते लगेच म्हणाले. "बांध पुन्यांदा न्हाय. ह्यो वटा हाय. ह्याच्यावर चार मोगरं लावतो. पानी आलं तर बाजूनं जाईल. दिवाळीच्या आदी तिला हितं आनतो."

"पायाला काय झालं?"

"पत्रा लागला. किरकोळ हाय."

"दवाखान्यात दाखवा. ह्या चिखलात काय काय असतं."

"व्हय, दावतो." मग खुरप्याने मुरूम सारखा करत म्हणाले, "ती जेवत न्हाय रं. सुवर्णी म्हनती आजार हाय. आजार न्हाय. त्या खोलीत तिला कापायला सांगायला कायच न्हाय." मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण ते रडत होते. हात चालूच होते.

मी म्हणालो, मी मदत करतो. त्यांनी मान हलवली. "तुजी परीक्षा हाय न्हवं? जा. मराठी कर." जाताना मात्र फाटकापर्यंत आले. वर कॉलनीकडे बघून म्हणाले, "इतकं चांगलं काम केलं मी. एकाच्याबी अंगनात पानी थांबलं न्हाय." यात तक्रार होती की अभिमान होता, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

परीक्षा झाली आणि मी जेऊरला गेलो. वडिलांना कामावर दुखापत झाली होती, त्यामुळे राहणं लांबलं. मामांकडे फोन नव्हता, पुरात गेला होता. सुवर्णाताईंचा नंबर लागत नसे. पाऊस जाता जाईना. मी मनाशी धरून चाललो होतो की ओटा झाला असेल, मोगरा लागला असेल. रोज फोन करायचो असंही नाही. अधूनमधून.

परवा सुवर्णाताईंचाच फोन आला, नव्या नंबरवरून. सुवर्णाताई बराच वेळ माझ्या आई-वडिलांचीच चौकशी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा गेले, भाऊ. महिना होत आला. ताप आला, डोळं पिवळं झालं. डाक्टर म्हनले, चिखलातनं येतंय. पायाच्या जखमंतनं. सिव्हिलला नेलं, पन उशीर झाला हुता."

मी अव्वांचं विचारलं.

"आईला आमी सांगितलंच न्हवतं. जीव सोडंल म्हून. बाबा प्लॉटवर हायेत, कामात हायेत, असंच सांगायचो. काल तीच म्हनली, लपिवता कशाला? मला पैल्या दिवशीच कळलंय. त्ये आले की जिन्यात पायाचा चिखल आपटून झाडायचे. त्यो आवाज आला न्हाय."

"आता कशा आहेत?"

"मला तितं न्या म्हनती. वटा बगायचाय म्हनती." मागे शिलाईची यंत्रं चालल्याचा आवाज येत होता, त्या कारखान्यातून बोलत असाव्यात.

मी म्हणालो, "मी उद्याच येतो. आधी प्लॉटवर जाऊन बघतो."

"या," सुवर्णाताई म्हणाल्या. "पन हिकडं या, घरी. प्लॉटवर जाऊ नगा. तितं परत पानी हाय. वटा दिसत न्हाय."